बॅटरी निघते का?

आपल्याकडे खेड्यात 'बॅटरी' म्हटलं की अजूनही आधी डोळ्यांसमोर येतो तो टॉर्च. 'जरा बॅटरी मार' म्हणजे उजेड पाड. आणि त्या बॅटरीत जे घालायचं ते 'सेल'. बॅटरी वेगळी, सेल वेगळे. बॅटरी एकदा घेतली की वर्षानुवर्षं खुंटीला लटकलेली असायची. सेल मात्र संपले की बाजाराच्या दिवशी आणायचे. एक टिकणारी वस्तू, दुसरी खपणारी. हा फरक शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक होता. गेल्या वीसेक वर्षांत तो पुसत चालला आहे. मोबाइल, टॉर्च, घरातला इमर्जन्सी दिवा, कानात घालायचे स्पीकर, इतकंच काय पण ई-सिगारेटसारखी व्यसनाची वस्तू, या सगळ्यांत बॅटरी आतच बंद केलेली असते. ती आतच असावी, की काढता-घालता यावी? आज याच साध्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

मी तुमसरच्या बाजारात आधी रेडिओ आणि घड्याळं, मग टॉर्च आणि पुढे मोबाइल दुरुस्त करत आलो आहे. त्यामुळे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कामाच्या टेबलावर पाहिलेलं आहे.

आपल्या जिल्ह्याचं तर सेलशी जमिनीतलं नातं आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग इथं मँगनीजची उघडी खाण आहे. 'मॉइल' ही सरकारी कंपनी ती चालवते. तिची मूळ कंपनी इंग्रजांच्या काळात १८९६ साली निघाली, १९६२ मध्ये तिच्यात सरकारची भागीदारी आली आणि १९७७ पासून ती पूर्ण सरकारी झाली. पुढे २०१० मध्ये तिचे काही शेअर बाजारात विकले गेले, पण मालकी सरकारचीच राहिली. मँगनीजचा बहुतेक माल पोलादाच्या कामी जातो. डोंगरीचा मात्र एक खास माल आहे. तिथल्या मातीत मँगनीज डायऑक्साइड मिळतं आणि ते कोरड्या सेलसाठी वापरतात. सेलला लागणारं शुद्ध मँगनीज डायऑक्साइड विजेच्या साहाय्यानं तयार करण्याचा कारखानाही मॉइलनं डोंगरीलाच उभारला.

जुना टॉर्चचा सेल फोडला की आत काळी भुकटी निघते, ती हीच. मँगनीज डायऑक्साइड आणि कोळशाची पूड एकत्र कालवलेली. मधोमध कार्बनची कांडी, बाहेरून जस्ताची डबी आणि दोघांच्या मध्ये नवसागर किंवा जस्ताच्या क्षाराचा ओलावा. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये या प्रकारचा सेल बनवला, तो काचेच्या बरणीत आणि पातळ द्रावणाचा होता. पुढे वीस वर्षांनी जर्मनीच्या कार्ल गासनर यांनी तो कोरडा केला आणि सेल खिशात घालून फिरता येऊ लागलं. जस्त झिजत जातं, तशी वीज मिळत जाते. दिवा पेटता ठेवायला तेल जळतं, तसं हे जस्त जळणं. ते संपलं की सेल संपला. यात कुणाचा दोष नाही, खपणं हा त्याचा धर्मच आहे.

आता सेल काढता येत होता म्हणून आपली माणसं त्याचा कसा वापर करत, ते बघा. टॉर्चचा उजेड पिवळा पडला की सेल फेकून देत नसत. ते ट्रान्झिस्टरमध्ये जात. टॉर्चच्या दिव्याला एकदम जास्त वीज लागते, रेडिओला बारीक आवाजावर त्याहून कमी पुरते. म्हणून टॉर्चला न पुरणारे सेल रेडिओवर आणखी काही दिवस बातम्या ऐकवत. पेन्सिल सेल असेल तर तो शेवटी भिंतीवरच्या घड्याळात जाई, कारण घड्याळाला तर अगदीच थोडी वीज लागते. एका सेलनं तीन घरं बघितलेली असत. मग पोरं तो फोडून आतली कांडी काढत आणि भिंतीवर रेघोट्या मारत. त्या भुकटीत हात घालणं चांगलं नव्हे, हे तेव्हा कुणी सांगत नसे. पण सेल सगळीकडे सारख्या मापाचा, तुमसरला मिळणारा आणि लाखांदूरला मिळणाराही एकच, म्हणून हे जमत होतं. कोणत्याही कंपनीचा सेल कोणत्याही कंपनीच्या टॉर्चमध्ये बसत असे. ही सोय केवढी मोठी होती, हे ती गेल्यावर कळतं.

तरी या सेलचं कौतुक करताना त्याचे दोषही सांगायला हवेत. पावसाळ्यात टॉर्च तसाच पडून राहिला की सेल पाझरत. जस्ताच्या डबीला भोक पडून आतला क्षार बाहेर येई, स्प्रिंग गंजे, आणि सेल नळीत असे अडकत की काठीनं ठोकून काढावे लागत. दुसरं म्हणजे खर्च. रोज रात्री शेतावर जाणाऱ्याला सेल पुरत नसत. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं आणि पंपाची वीज रात्रीच्या पाळीला, अशा वेळी बांधावरून चालायला उजेड तर हवाच. साप, रानडुक्कर, आणि आपल्या भागात वाघ-अस्वलाचीही धास्ती.

म्हणून चार्जिंगचे टॉर्च आले तेव्हा लोकांनी ते आनंदानं घेतले, आणि बरोबरच केलं. एलईडी दिव्यानं कमी विजेत पांढरा लख्ख उजेड दिला. सेलचा खर्च वाचला. मागून पिन बाहेर येते, ती सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली की झालं. मात्र या स्वस्त टॉर्चच्या पोटात बहुधा चार व्होल्टची शिशाची छोटी बॅटरी असते. मोटरसायकलच्या बॅटरीची धाकटी बहीणच म्हणा ना. शिशाच्या बॅटरीचा एक स्वभाव आहे. ती रिकामी करून तशीच ठेवलेली तिला चालत नाही. रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेत नाही.

आता आपल्याकडचा वापर कसा असतो? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायामाणसं पहाटे अंधारात निघतात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याचा हंगाम. कोका अभयारण्याच्या आसपासच्या किंवा पवनी, साकोलीकडच्या जंगलालगतच्या गावांत तेव्हा टॉर्च घरोघरी लागतो. हंगाम संपला, पाऊस लागला, की तो कोनाड्यात जातो. पुढच्या वर्षी काढून चार्जिंगला लावला तर लाल दिवा लागतो, पण उजेड मिणमिणता, आणि दहा मिनिटांत तोही गुडुप. एवढ्यात काहीच बिघडलेलं नसतं हो! दिवा चांगला, बटण चांगलं, काच चांगली. फक्त बॅटरी मेलेली. पण टॉर्च उघडायला जावं तर कवच डिंकानं चिकटवलेलं किंवा दाबून बसवलेलं. उघडताना ते तडकतं. कसंबसं उघडलंच तर बॅटरी तारांनी डाख देऊन जोडलेली. त्या मापाची बॅटरी मिळवून, पुन्हा डाख देऊन, कवच चिकटवून देईपर्यंत मजुरी नव्या टॉर्चच्या जवळपास जाते. गिऱ्हाईक म्हणतं, "जाऊ द्या भाऊ, नवाच घेतो." आणि पानाच्या पुड्यांवर मिळालेल्या मजुरीतला एक वाटा दरवर्षी त्याच वस्तूवर खर्च होतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. नांगराचा फाळ झिजतो, नांगर झिजत नाही. फाळ लोहाराकडे नेऊन शेवटवून आणतात, नाहीतर बदलतात. कंदिलाची वात जळते, कंदील जळत नाही. खपणारा भाग काढता आला पाहिजे, हे आपल्या प्रत्येक जुन्या अवजारात गृहीत धरलेलं होतं. खपणारी वस्तू टिकणाऱ्या वस्तूत कायमची कोंडली, की टिकणारीही खपणारी होऊन बसते.

आता मोबाइलकडे येऊ. त्यात लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. वजनाला हलकी, विजेला भरपूर, अशी ही बॅटरी. पण तीही खपतेच. काहीशे वेळा चार्ज झाली की तिचा दम कमी होत जातो. आणि ती नाजूकही आहे. जास्त भरली, फार तापली, टोचली किंवा आत दोन पदर एकमेकांना चिकटले, तर पेट घेऊ शकते.

या बॅटरीच्या दोन मोठ्या घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकिया कंपनीनं जाहीर केलं, की बीएल-५सी नावाच्या त्यांच्या बॅटरीपैकी सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटरी चार्जिंग करताना तापण्याची शक्यता आहे. आपल्याकडे तेव्हा घरोघरी नोकियाच होता. घबराट बरीच झाली. पण उपाय सोपा होता. मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, तिच्यावरचा क्रमांक बघायचा आणि दोषी निघाली तर तेवढीच बदलून घ्यायची. फोन आपल्याकडेच राहिला. दुसरी घटना २०१६ ची. सॅमसंगच्या नोट-७ या महागड्या फोनच्या बॅटरी पेट घेऊ लागल्या. सप्टेंबरमध्ये कंपनीनं सुमारे २५ लाख फोन परत मागवले, आणि बदलून दिलेल्या फोनमध्येही तोच प्रकार झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो फोन बनवणंच बंद केलं. बॅटरी आत बंद होती, त्यामुळे परत द्यायचा तर अख्खा फोन. बॅटरी सदोष निघणं दोन्हीकडे होतं. निस्तरायला मात्र एकीकडे झाकण पुरलं, दुसरीकडे फोनच गेला.

तरी कंपन्या बॅटरी आत का बंद करतात, याला नुसता नफा हे उत्तर देऊन चालणार नाही. झाकण आणि त्याची खोबण नसली की वस्तू पातळ होते. फटी नसल्यानं धूळ-पाणी आत जात नाही. बॅटरीला वेगळं जाड कवच लागत नाही. गिऱ्हाईक उलटी बॅटरी बसवत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाजारातली नकली बॅटरी त्यात जात नाही. नकली मालाचा अनुभव दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला आहे. टॉर्चमध्ये लागणारे '१८६५०' नावाचे लिथियमचे सेल येतात. १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे, म्हणून हे नाव. चांगल्यातला चांगला सेलही साधारण साडेतीन-चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या पुढे जात नाही. पण बाजारात त्यावर ९,९०० छापलेले सेल सर्रास मिळतात. छापील आकडा मोठा, किंमत कमी आणि आत भलताच माल. काढता येणाऱ्या बॅटरीत हा धोका आहे, तो झाकून ठेवता येणार नाही.

हे दोन्ही धोके एकाच वस्तूत बघायचे तर ती वस्तू म्हणजे ई-सिगारेट. मध्यंतरी एक कॉलेजातला मुलगा पेनाएवढी नळी घेऊन दुकानात आला. "काका, चार्ज होत नाही, आतली बॅटरी बदलता येईल का?" आपल्या जिल्ह्यात विडी ओळखीची, खर्रा तर त्याहून ओळखीचा. ही नळी मात्र नवी. तिच्यात बॅटरी असते, एक छोटी तापणारी तार असते आणि बहुधा निकोटिन घातलेलं द्रव असतं. तार तापली की द्रवाची वाफ होते, ती ओढायची. आजच्या रूपातली ई-सिगारेट चीनच्या होन लिक यांनी २००३ च्या सुमाराला बनवली. तार तापवायला टॉर्चपेक्षा कितीतरी जास्त वीज एकदम लागते, म्हणून तिच्यात बॅटरीचा प्रश्न अधिक तीव्र.

परदेशात ही वस्तू वापरणाऱ्यांमध्ये आपला आजचाच वाद चालतो. एक पंथ म्हणतो, काढता येणारा सेल बरा. एक संपला की खिशातला दुसरा घालता येतो आणि उपकरण वर्षानुवर्षं चालतं. पण खिशातला सुटा सेल किल्ल्यांना किंवा नाण्यांना टेकला, की दोन्ही टोकं जोडली जाऊन तो तापतो, भाजतो, फुटतोही. काही नळ्यांमध्ये तर सेलवर ताबा ठेवणारं सर्किटच नसतं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये २०१८ साली असं उपकरण फुटून एक माणूस दगावला. दुसरा पंथ म्हणतो, आत बंद केलेली बॅटरी बरी, तिला सर्किटची राखण असते. पण त्या वाटेनं पुढे गेलं की येते ती एकदा वापरून फेकायची नळी. तिच्यात पुन्हा चार्ज होऊ शकणारा लिथियमचा सेल असतो, आणि तो एकदाच वापरून कचऱ्यात जातो! ब्रिटनमध्ये २०२३ च्या पाहणीत आठवड्याला सुमारे ५० लाख अशा नळ्या टाकल्या जात असल्याचं आढळलं. कचऱ्याच्या गाडीत त्या दाबल्या गेल्या की आगी लागतात. शेवटी ब्रिटननं १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

मग आपण यातली कोणती घ्यावी? कोणतीच नाही. आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं आणि तिची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणंही गुन्हाच. म्हणजे ही वस्तू चोरूनच येते. तिच्यात कोणता सेल आहे, सर्किट आहे की नाही, याला कुणी जबाबदार नाही. मी त्या मुलाला नळी उघडून दिली नाही. निकोटिनची सवय लागते आणि सुटता सुटत नाही, हे सांगितलं. ती नळी शेकोटीत टाकू नकोस, एवढंही सांगितलं.

ते शेकोटीचं सगळ्यांनाच सांगतो. जुने सेल, मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या, बंद पडलेले टॉर्च आपण उकिरड्यावर टाकतो आणि उकिरडा पेटवतो. लिथियमची बॅटरी आगीत फुटते. शिशाच्या बॅटरीतलं शिसं धुरातून आणि राखेतून माती-पाण्यात जातं. आपल्याकडे गावोगावी तलाव आहेत, त्यात हे उतरावं असं कुणाला वाटेल? केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम केले. सगळ्या प्रकारच्या जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यातला माल पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी त्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. पण जी बॅटरी उपकरणातून निघतच नाही, ती वेगळी गोळा कशी करणार? युरोपीय संघानं २०२३ मध्ये याचाच विचार करून नियम केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथं विकल्या जाणाऱ्या लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनंही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तिथं कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी कल्पना आहे.

सरकार आणि कंपन्या आपापलं करतील. आपल्या हातात बाजारात विचारायचे तीन प्रश्न आहेत. पहिला, ही वस्तू स्क्रूनं उघडते का, की चिकटवलेली आहे? दुसरा, आतली बॅटरी पिननं जोडली आहे की डाख दिला आहे? पिन असेल तर कुठलाही कारागीर पाच मिनिटांत बदलून देईल. तिसरा, ही बॅटरी नेहमीच्या मापाची आहे का, पुढच्या वर्षी भंडाऱ्याला किंवा साकोलीला मिळेल का? स्क्रूनं बंद केलेलं घट्ट कवच आणि आत पिननं जोडलेली बॅटरी, हा मधला मार्ग मला सगळ्यांत बरा वाटतो. पाणीही आत जात नाही आणि वस्तूही मरत नाही. दुकानदाराला दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं की तो वरच्या व्यापाऱ्याला विचारतो.

आणि घरात आहे ते जपा. चार्जिंगचा टॉर्च हंगाम संपल्यावर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. सेलचा टॉर्च ठेवून देताना सेल काढून ठेवा. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. टॉर्च पहाटे जंगलात विझला तर तिथं दुकान नसतं. म्हणून हंगामाच्या आधी, बाजारात नवा घ्यायला उभे राहाल तेव्हा, किंमत विचारायच्या आधी एवढं विचारा: "भाऊ, याची बॅटरी निघते का?"

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)